संशोधनाचा पैसा मधेच तोडू नका

संपादक महोदय,

हवामान बदलाची बातमी आली की त्यात टार्गेट असतंच, अमुक सालापर्यंत नेट झिरो (म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढाच काढून घ्यायचा) वगैरे, पण त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान येणार कुठून आणि त्यावर कोण किती वर्षं पैसे लावणार हे कुणी धड विचारत नाही. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं होतं की २०५० ला नेट झिरो गाठायचं तर त्या वर्षीची जवळपास निम्मी कपात अशा तंत्रज्ञानातून यावी लागेल, जे तेव्हा फक्त प्रोटोटाइप किंवा डेमोच्या टप्प्यावर होतं.

सिमेंटचंच घ्या. भट्टीत चुनखडी तापवली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, कोळसा बंद करून भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो सुटणारच, आणि सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा याचाच आहे. म्हणजे एकतर सिमेंट बनवायची रीतच बदला नाहीतर गॅस पकडून जमिनीखाली खोल पुरा. आता खर्च एका कंपनीचा आणि फायदा सगळ्या जगाचा, असं काम कुठली कंपनी आपणहून करेल? इथे सरकारच लागतं.

पण सरकारचं काय होतं, तर धरसोड. अमेरिकेत २००३ मध्ये फ्यूचरजेन नावाचा प्रकल्प जाहीर झाला, कोळशावर वीज करायची आणि कार्बन पुरायचा. खर्च वाढला म्हणून २००८ मध्ये सरकारने हात काढला, २०१० मध्ये नव्या रूपात परत आणला, २०१५ मध्ये परत बंद! बारा वर्षांत एक युनिट वीज नाही. पैसा पुन्हा सुरू करता येतो हो, पण मधल्या काळात पांगलेली टीम परत कशी गोळा करणार?

उलट जर्मनीने २००० च्या कायद्यात सौर विजेला वीस वर्षं ठरलेला दर दिला, त्या भरवशावर लोकांनी पॅनल लावले, पुढे चीनने प्रचंड कारखाने काढले आणि भाव कोसळले. पहिल्या गिऱ्हाइकांची सोय करणं हाही प्लॅनिंगचाच भाग आहे, नुसती लॅबला ग्रँट देऊन भागत नाही.

म्हणून काहीही झालं तरी पैसे ओतत राहा असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात केम्पर हा कोळशाचा गॅस करून वीज बनवायचा आणि कार्बन पकडायचा प्रकल्प होता, त्याचा खर्च सात अब्ज डॉलरच्या वर गेला आणि शेवटी २०१७ मध्ये कोळशापासून गॅस करायचा नाद सोडून तो नैसर्गिक गॅसवरच चालवायचं ठरलं. कुठे थांबायचं ते आधीच लिहून ठेवा, इतका खर्च, इतकी वर्षं, इतका कार्बन पकडला गेलाच पाहिजे, म्हणजे सरकार बदललं म्हणून गळा घोटायला नको आणि अब्रूचा प्रश्न म्हणून रेटायलाही नको.

आणि "संशोधन चालू आहे" ही पळवाटही होऊ नये. २००१ मध्ये अमेरिकेच्या बुश सरकारने उत्सर्जन कपातीचा क्योटो करार झिडकारला आणि त्याच वर्षी तंत्रज्ञान संशोधनाचा कार्यक्रम जाहीर केला, उत्सर्जनावर बंधन मात्र शून्य. बंधनच नसेल तर तयार झालेलं महागडं यंत्र विकत घेणार कोण?

शेवटची मागणी साधी आहे. फसलेल्या डेमो प्रकल्पांचा सगळा डेटा, काय बिघडलं, खर्च कुठे फुगला, लोकांसमोर ठेवा. पैसा लोकांचाच होता, आणि पुढचा प्रकल्प उभारणाऱ्यालाही तोच लागणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक