‘तपासले’च्या रकान्यात बाईचे नाव कधी?

महोदय,

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू करून ज्या बडोद्यात तंत्रशिक्षणाचा पाया घातला, तिथेच आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मी मकरपुऱ्यातील एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात रुजू झाले, तेव्हा तिथे मी एकटीच बाई होते. (प्रमाणपत्रावर ‘ड्राफ्ट्समन’; अभ्यासक्रमाचे नाव आजही तेच आहे.)

ट्रेसिंग पेपरवर रेघ चुकली की कागदाला भोक न पाडता अर्ध्या ब्लेडने शाई खरवडावी लागे, आणि असे नाजूक काम निघाले की सहकारी ते बिनदिक्कत माझ्याकडे सरकवीत. वर, ‘बायकांचा हात हलका’ हे कौतुक. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत ‘आरेखन’ या रकान्यात माझी आद्याक्षरे बारा वर्षे पडत राहिली, ‘तपासले’ या रकान्यात एकदाही नाही, कारण तपासणाऱ्याला शॉपवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष यंत्रकाम चालते तिथे, जाऊन फोरमनशी हुज्जत घालावी लागते आणि ते बाईला झेपणार नाही, असे साहेबांनी मला न विचारताच ठरवून टाकले होते. पुढे ऑटोकॅड आले, ब्लेड गेले. ती चौकट मात्र संगणकाच्या पडद्यावर जशीच्या तशी उतरली.

आज या कामाला येणाऱ्या मुलींना कारखान्यांनी पहिल्या वर्षापासूनच शॉपवर पाठवावे आणि तपासणीचे काम अनुभव पाहून द्यावे, एवढीच विनंती आहे.

– एक निवृत्त आरेखक, दांडिया बाजार, बडोदा