बाभळीखालचे भुंगेरे

पुणे, २१ जून

प्रिय मन्या,

दोन पावसाळे पत्र नाही, तेव्हा शिव्या आधीच पोचल्या असं समज. गुडघा बरा, आई बरी. पुढे.

सुप्याच्या माळावरचं भांडण आठवतं ना? मी म्हणायचो, उघड्या मुरमावर भुंगेरे जास्त, बाभळीखाली कमी. तू म्हणायचास, "तू भुंगेरे मोजत नाहीस, त्यांची चाल मोजतोस." तुझंच खरं होतं रे. पिटफॉलच्या, म्हणजे जमिनीत काठापर्यंत पुरलेल्या सापळ्याच्या ग्लासात चालणारा पडतो, बसणारा नाही. मुरमावर काळा भुंगेरा सुसाट सुटतो; तोच पाचोळ्यात काड्यांना अडखळत बसतो. म्हणजे किडे तितकेच असले तरी मुरमावरचा ग्लास आधी भरणार. आणि हीच तुलना मी एका पोराच्या प्रबंधात पक्की करून बसलोय. पंधरवड्यात तो जमा करतोय.

उपाय एकच सुचतोय. प्रत्येक ग्लासापासून थोडं लांब एक मीटरची चौकट टाकायची, पाचोळा आणि वरची ५ सेंमी माती पांढऱ्या कापडावर चाळायची, मुरमावरही तेच. वेळ दोन्हीकडे पहाटेची. ऊन चढलं की सगळे खाली जातात, मग माळ रिकामाच दिसतो.

ग्लासाचंही सांगतो, हसू नकोस. काळी माती वाळून आकसली की ग्लासाशेजारी बोटभर फट पडते. किडा फटीत जातो, ग्लासात नाही. मुरमात उलट, कड जरा वर राहिली की तो वळून परत फिरतो. म्हणून एकात एक दोन ग्लास: बाहेरचा कायमचा पुरलेला, आतला उचलायचा. आतला तिसरा हिस्सा भरेल इतकं खारं पाणी, दोन थेंब बिनवासाचा साबण. स्पिरिट मे महिन्यात टिकत नाही. वर कौल, तीन खड्यांवर, तीनेक सेंमी उंच, नाहीतर एका वळवात सगळं वाहून जातं. खणल्यावर आठवडाभर झाकण लावून ठेवायचं. ताज्या खड्ड्याभोवती आकडा उगाच फुगतो.

ऋतूचं दुखणं वेगळंच. सुप्याला वर्षाला ५०० मिमीच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पहिला वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. दर महिन्याच्या १ तारखेला गेलं तर ते हुकलेच म्हणून समज. दिवस पहिल्या पावसापासूनच मोजायला हवेत. हिंगे भुंगेरे बाजरी फुलोऱ्यात आली की येतात; त्यांच्या अळ्या नाकतोड्यांची अंडी खातात, तेव्हा शेजारचं गवतही बघावं लागतं. आणि ज्या काळ्या भुंगेऱ्यांची पाठीवरची कवचं जुळलेली, त्यांना उडताच येत नाही. ते दिव्याच्या सापळ्यात येणार कुठून? त्या पोराने दिव्यावरूनच 'ही प्रजाती उन्हाळ्यात नसते' असं लिहून टाकलंय. शिवाय मृगाचा किडा भुंगेऱ्यांच्या यादीत! भुंगेऱ्याला सहा पाय, याला आठ; मोजले नाहीत पठ्ठ्याने. मी सही केली तेव्हा मीही नाही मोजले.

जोधपूरला तुमच्याकडे वाळूच ग्लासात भरत असेल, नाही? वहिनींना नमस्कार. पोरीचा दहावीचा निकाल कळव.

तुझं चौकटीचं जुनं रजिस्टर असेल तर त्याचे फोटो लगेच पाठव, बाभळीखालची पानं आधी. माझ्या बाटल्यांतली बॉलपेनची लेबलं स्पिरिटात विरघळली; आता कुठली बाभळीची नि कुठली मुरमाची, देव जाणे. तू पेन्सिलीने लिहायचास, त्यावरही मी हसलो होतो.

फोन नको करूस, फोनवर तू जिंकतोस.

तुझा,
बंड्या