स्वयंसेवकांनी काय करू नये, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पूर, भूकंप किंवा मोठा अपघात झाला की ‘मानसिक आधार देण्यासाठी स्वयंसेवक हवेत’ अशी आवाहने लगेच सुरू होतात. आपल्या अंकातही ती वाचायला मिळतात. त्यांत वेळ, ठिकाण, फोन क्रमांक सगळे असते. या स्वयंसेवकांनी काय करायचे नाही, याबद्दल मात्र एक ओळही नसते. मानसिक प्रथमोपचार म्हणजे संकटात सापडलेल्या माणसाला तिथल्या तिथे द्यायचा पहिला आधार. त्यातली नीती बरीचशी या ‘नाही’मध्येच आहे, म्हणून हे पत्र.

माणसाला बोलते करावे, रडू द्यावे, म्हणजे मन मोकळे होऊन तो सावरतो, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसलेली आहे. मग उत्साही स्वयंसेवक निवाऱ्यात शिरतो आणि पहिल्याच वाक्यात विचारतो, “नेमके काय झाले? तुम्ही काय पाहिले?” समोरचा गप्प राहिला तर आणखी खोदतो. हेतू चांगलाच असतो, पण हा प्रयोग जगात करून झाला आहे. अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी ‘डिब्रीफिंग’ची पद्धत मांडली. घटनेनंतर थोड्याच दिवसांत सर्वांना एकत्र बसवून घडलेला प्रसंग टप्प्याटप्प्याने बोलून काढायचा, अशी ती होती. पुढे तिची एका बैठकीत उरकणारी रूपे अपघातग्रस्तांपासून बाळंतिणींपर्यंत अनेकांवर वापरली गेली. १९९७ मध्ये ब्रिटनमधील भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा महिन्यांनंतर तपासले तेव्हा, अशी बैठक झालेल्या रुग्णांपैकी २६ टक्क्यांना आघातानंतरचा तणाव विकार (पीटीएसडी) होता. न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. बैठक झालेल्या गटातील रुग्ण मुळातच जास्त गंभीर भाजलेले होते, हेही सांगायला हवे. सगळे खापर पद्धतीवर फोडता येणार नाही. मात्र कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने असे अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या २००२ च्या आढाव्यालाही एका बैठकीच्या डिब्रीफिंगने हा विकार टळतो असे दिसले नाही, आणि आघातग्रस्तांवर त्याची सक्ती थांबवावी असा निष्कर्ष त्यात स्पष्ट नोंदवला गेला.

म्हणजे कोणाचे ऐकूच नये का? तसे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दोन संस्थांसह २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. पाहा, ऐका आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या, असे तिचे सूत्र आहे. ज्याला स्वतःहून सांगायचे आहे त्याचे शांतपणे ऐकायचे. ज्याला सांगायचे नाही त्याच्याजवळ, त्याची हरकत नसेल तर, नुसते बसायचे. अनेकदा त्या घडीला माणसाला हवे असते ते पाणी, पांघरूण, चार्ज केलेला फोन आणि ‘माझी माणसे कुठे आहेत’ याचे खरे उत्तर. यादीत नाव शोधून देणारा स्वयंसेवक मानसिक प्रथमोपचारच करत असतो, मग त्याने भावनांविषयी चकार शब्द काढला नाही तरी चालेल.

‘नको’ या उत्तराचे काय करायचे, हे प्रशिक्षणात फारसे शिकवले जात नाही. माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे. नकार ऐकून चेहरा पाडायचा नाही, दुसऱ्या स्वयंसेवकाला पाठवून पुन्हा गळ घालायची नाही. “आत्ता नको असेल तर हरकत नाही, नंतर वाटले तर इथे या,” एवढे सांगून बाजूला व्हायचे. ज्याच्या हातून एका क्षणात सगळे निसटले, त्याला निदान एवढ्या गोष्टीचा निर्णय तरी स्वतः घेता आला पाहिजे.

खोटे न बोलणे ऐकायला सोपे वाटते, प्रत्यक्षात तेच सर्वांत अवघड जाते. “तुमचा मुलगा नक्की सापडेल” हे वाक्य ओठांवर येतेच. ते गिळायला हवे. “मला माहीत नाही, पण चौकशी करून सांगतो” म्हणावे, आणि खरोखर परत येऊन सांगावे. “हे आपल्या दोघांतच राहील” असे सरसकट वचनही देऊ नये. एखाद्याने जीव देण्याची भाषा केली किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, तर ते योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवावेच लागते. ही मर्यादा आधीच सांगणे म्हणजे समोरच्याची फसवणूक टाळणे. बाकी सारे मात्र पोटातच ठेवायचे. नाव वगळून समूहात टाकलेला ‘हृदयस्पर्शी अनुभव’ही गावातल्या लोकांना बरोबर ओळखू येतो.

दोन दिवसांचे शिबिर केलेल्याने स्वतःला समुपदेशक म्हणवून घेऊ नये. मदतीच्या बदल्यात पैसे, उपकार किंवा श्रद्धा मागू नये, हे वेगळे लिहावे लागते याचेच वाईट वाटते. आणि ज्याच्या स्वतःच्या घरात नुकतेच दुःख झाले आहे, त्याने पहिल्या फळीत न जाता वाटप, नोंदणी, फोन अशी कामे घ्यावीत. त्यात कमीपणा कसला?

आता आपल्याकडे एक विनंती. रडणाऱ्या मुलाला कवटाळलेल्या स्वयंसेवकाचे छायाचित्र मदतकार्याच्या बातमीसोबत हमखास येते. त्यात गौरव स्वयंसेवकाचा होतो आणि चेहरा मुलाचा छापला जातो. छायाचित्र निवडताना संमती कोणाची, कधी आणि कोणत्या अवस्थेत घेतली, हे छायाचित्रकाराला विचारले जावे. घटनेच्या दुसऱ्या दिवशी सुन्न बसलेल्या आईने मान हलवली, याला संमती म्हणू नये. शिवाय यापुढे स्वयंसेवकांसाठी आवाहन छापताना ‘प्रश्नांचा भडिमार नको, फोटो नको, खोटी आश्वासने नकोत, नकाराचा मान राखा’ एवढा मजकूर चौकटीत द्यावा. चार ओळींची तर जागा लागेल.

आपला,
एक नियमित वाचक