'गो अराउंड'च्या बातमीला अपघाताचा मथळा नको

संपादक महोदय,

पावसाळ्यात मुंबईत उतरणारे एखादे विमान धावपट्टीजवळ येऊन न उतरता पुन्हा वर गेले (यालाच 'गो अराउंड' म्हणतात), की दुसऱ्या दिवशी 'प्रवाशांचा जीव टांगणीला' असा मथळा हमखास वाचायला मिळतो. या मथळ्यांविषयी हे पत्र आहे. गेल्या जुलैत मी स्वतः अशा एका विमानात होतो. चाके टेकणार एवढ्यात इंजिनांचा आवाज वाढला, विमान वर गेले आणि वीस-पंचवीस मिनिटांनी सुखरूप उतरले. तरीही दारात उभ्या असलेल्या वैमानिकाला दोघा-तिघांनी उशिरावरून सुनावले, याचे मला फार वाईट वाटले.

विमान असे वर नेले नाही तेव्हा काय घडले, ते आठवावे. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान प्रमाणाबाहेर उंचावरून धावपट्टीकडे आले. सहवैमानिक 'गो अराउंड' असे वारंवार सांगत असतानाही मुख्य वैमानिकाने विमान उतरवले. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ५,२०० फूट ओलांडल्यावर, आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला भर पावसात, पाठीमागून वारा असताना, त्याच कंपनीचे विमान जवळपास निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले आणि टोकावरून खाली कोसळले. २१ जणांचे प्राण गेले. सहवैमानिकाने तेथेही 'गो अराउंड' म्हटले होते, असे अधिकृत चौकशी अहवाल सांगतो. त्या विमानाने उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून दिलेला होता. एकदा परत फिरल्यावर दुसऱ्यांदा फिरणे मनाला किती जड जात असेल, याचा विचार आपण प्रवाशांनीही करायला हवा.

ओल्या धावपट्टीवर पाण्याच्या थरामुळे चाकांची पकड सुटू शकते, त्यामुळे थांबायला जास्त अंतर लागते. म्हणूनच पावसात विमान वेळेत आणि थोडे दणक्यानेच टेकवतात. त्या हादऱ्यालाही आपण वैमानिकाचे अकौशल्य समजतो.

आपल्या वृत्तपत्राने अशा प्रसंगाची बातमी देताना त्याचे कारण द्यावे आणि ही वैमानिकांच्या प्रशिक्षणातलीच नेहमीची कृती आहे, हेही नमूद करावे, अशी विनंती आहे. विमान कंपन्यांनीही प्रवाशांना तेथल्या तेथे कारण सांगावे. माझ्या त्या प्रवासात तशी एका वाक्याची उद्घोषणा झाली असती, तरी त्या वैमानिकाला बोलणी खावी लागली नसती.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली