काका, सीट वर करा

पुणे,
ऑगस्टातला एक चिंब रविवार

प्रिय पक्या,

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, माझी शुगर होती तिथेच आहे. तुझ्या दोन मेसेजना उत्तर दिलं नाही म्हणून भडकला असशील तर भडक. आधी हे ऐक.

काल वेताळ टेकडीवर माझ्या सायकलचा ड्रॉपर गेला, म्हणजे चालवता चालवता लिव्हर दाबून सीट वर-खाली करता येते तो सीटखालचा दांडा, सीटपोस्ट. सीट पूर्ण वर करून चढायला लागलो आणि खाणीपाशी येईतो गुडघे छातीला टेकायला लागले. लिव्हर दाबला, सीट वर आली, आणि पुन्हा सलूनच्या खुर्चीसारखी शांतपणे खाली. मागून एक पोरगं आलं आणि म्हणालं, "काका, सीट वर करून घ्या, गुडघे दुखतील." काका! घरी सांगितलं असतं तर दोन दिवस तेच ऐकावं लागलं असतं.

दुखणं कळलंय. तेलावर चालणारा हायड्रॉलिक पोस्ट, आतल्या तेलात हवा शिरलीय. तेल दाबलं जात नाही, हवा दबते, म्हणून सीट बसते. पोस्ट खाली असताना सीटला धरून सायकल उचलली की हवा आत ओढली जाते, आणि आमचे चिरंजीव जिन्यावरून ती नेमकी तशीच चढवतात. दुकानदार म्हणतो सील किट बाहेरून मागवावं लागेल, वर मजुरी. एवढ्यात नव्याचे निम्मे पैसे होतात. म्हणजे नवाच घ्यायचा.

तू आत्ता हसतोयस. "सीटपोस्टवर अर्धा किलो जास्त वजन कशाला वाहतोस? क्विक रिलीज आहे ना, खटका उघडून हातानं सीट खाली करायची!" हो, होता. प्रत्येक उतारापाशी तू थांबायचास, सीट खाली करायचास, ती तिरकी बसायची, पुन्हा उतरायचास, आणि आम्ही उन्हात तुझी आरती बघत उभे. वर मलाच इतिहास शिकवायचास, की 1984 साली अमेरिकेतल्या जो ब्रीझनी सायकलवर बसल्या बसल्या सीट वर-खाली करायला हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली होती, ती लोकांनी सोडून दिली, तसंच याचंही होणार. मग 2022 साली इटलीतल्या मिलान-सान रेमो शर्यतीत मोहोरिचनी रोड बाइकला ड्रॉपर लावला, शेवटच्या पोज्जिओ टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकलं आणि शर्यत जिंकली. त्या रात्री तुझा फोन लागलाच नाही. रेंज नव्हती म्हणे.

असो. डोक्याला ताप आहे तो मापांचा. सीट ट्यूब, म्हणजे फ्रेमची ज्यात पोस्ट बसतो ती नळी, 30.9 मिमीची आहे, त्यात वाद नाही. 31.6 ची फ्रेम घेतली तरी 30.9 चा पोस्ट शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती-नळी, लावून त्यात बसतो, उलटं होत नाही. प्रश्न ट्रॅव्हलचा, म्हणजे सीट किती मिमी खाली जाते त्याचा. दुकानदार 170 गळ्यात मारतोय, "जास्त ड्रॉप, जास्त मजा". त्याला काय, त्याच्या तंगड्या लांब आहेत. मी पेडल मारायच्या उंचीवर सीट ठेवून क्लॅम्पपासून (फ्रेमवर पोस्ट आवळतात ती कडी) सीटच्या रेलपर्यंत (सीटखालच्या सळ्या) मोजलं तर 210 मिमी भरतात. त्याच्या पोस्टचं डोकं, म्हणजे पूर्ण खाली असताना कॉलर (बाहेरच्या नळीच्या तोंडावरची कडी) ते रेल, 45. 170 अधिक 45 म्हणजे 215. आख्खा पोस्ट आत ढकलला तरी सीट पाच मिमी उंचच. 150 घेतला तर 195, पंधरा मिमी वर काढून ठेवायचा. शिवाय तो फ्रेममध्ये आत जायला जागा हवी. माझ्या ट्यूबमध्ये बाटलीच्या स्टँडचे बोल्ट मध्ये येतात. जुन्या पोस्टवर खूण करून आत घालून पाहिलं, 150 चा जेमतेम जाईल. काही पोस्टमध्ये आत छोटा तुकडा टाकून ट्रॅव्हल दहा-वीस मिमी कमी करता येतो, तसा मिळाला तर उत्तम. पण दुकानदाराला हे गणित समजावताना मला आपल्या जोशी सरांची आठवण आली, आणि त्याच्या चेहऱ्यावर तुझी.

वायरलेस नको. चार्जिंगची आणखी एक कटकट, आणि किमतीत तुझी पहिली सायकल आली असती. केबलवालाच घेणार. आतली तार तुटली तर गिअरची साधी तार चालते, ती कसब्यातही मिळते. आतलं बंद कार्ट्रिज गेलं तर सबंध बदलायचं, तेलातली हवा काढायची, ब्लीडिंगची पूजा नाही. सीट डावी-उजवी जराशी हलली तरी घाबरायचं नाही, तेवढी हलतेच. फार हलली तर आतल्या पितळी किल्ल्या झिजल्या समजायचं. पावसाळ्यात प्रत्येक राइडनंतर नळी पुसायची, कॉलर सोडून सीलखाली ग्रीस. टेकडीवरचा चिखल सुकला की त्याची पॉलिश पेपरसारखी पूड होते, ती सीलमध्ये शिरू द्यायची नाही.

तुझं कसं चाललंय? वहिनींची जर्मनची बी-वन परीक्षा झाली का? चिनूला मराठी बोलायला लाव रे. आणि जर्मनीत तुमच्या बाडेन-व्यूर्टेंबेर्गमध्ये दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला बंदी आहे हे खरं ना? मग तू तिथे नक्की चालवतोस कुठे? फोटोतली वाट दोन फुटांचीसुद्धा नाही.

आता कामाचं. पोस्ट क्लॅम्पमध्ये जास्त आवळला की नळी दबते आणि सीट वर यायला कुरकुरते. या क्लॅम्पला पाच न्यूटन-मीटर पुरे. आमचा मेकॅनिक दात-ओठ खाऊन आवळतो आणि म्हणतो "बसलं". म्हणून डिसेंबरात येताना माझा टॉर्क रेंच, मोजून आवळायचा पाना, घेऊन ये. हो, तोच, तू "दोन दिवसांसाठी" नेलास तो. बॅगेत जागा नाही म्हणालास तर ती चॉकलेटं काढ, इथे कोणी खात नाही.

तुझा,
नंद्या