जाहिरातच, पण कुणाची?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला गाण्यांच्या व्हिडिओंवरचा लेख वाचला. व्हिडिओ म्हणजे गाणं खपवायची जाहिरात, त्यात कला कसली शोधता, असा एकूण सूर. ज्या अंकात हे छापलंत, त्याच्या पहिल्या पानावर पानभर एका बिल्डरचा स्विमिंग पूल होता. बातमी गाठायला मला दोन पानं उलटावी लागली. तेव्हा जाहिरातीचं एवढं सोवळं आपल्याला झेपेल का, हे आधी पाहावं.

लेन लाय नावाच्या न्यूझीलंडच्या अवलियाने १९३५ साली कॅमेरा न वापरता थेट फिल्मच्या पट्टीवर रंग फासले आणि ते क्युबन ठेक्यावर नाचवले. 'ए कलर बॉक्स'. पैसे ब्रिटिश टपाल खात्याचे, पार्सल स्वस्तात पाठवा म्हणून सांगणारी जाहिरातच ती. पण त्यातली रेघ अजून नाचते आहे.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी सातवीच्या मुलांना घेऊन एका गाण्यावर फिल्म केली. इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएल 'स्लेजहॅमर' या त्याच्या गाण्याच्या व्हिडिओसाठी (१९८६) सोळा तास काचेखाली पडून राहिला होता, कारण एकेक फ्रेम वेगळी टिपायची होती, हे पोरांना सांगितलं आणि पोरं इरेला पेटली. मुलगा मैदानात मांडी घालून बसणार, फोटो. वीतभर पुढे सरकणार, फोटो. सेकंदाला बारा. दोन मिनिटांचे चौदाशे चाळीस, चार शनिवार! पडद्यावर पोरगा मांडी न मोडता मैदानभर मोटारीसारखा धावतो. एकीची रिबन सुटली, ती बांधेपर्यंत चार फोटो निघून गेले होते. त्यामुळे रिबन चुटकीसरशी गायब होऊन परत येते. ते आम्ही मुद्दाम तसंच ठेवलं.

संमेलनात फिल्म लागली आणि चाळिसाव्या सेकंदाला प्रमुख पाहुणे आले. दिवे लागले, लॅपटॉप मिटला, शाल-श्रीफळ सुरू. "नंतर लावू, सर." ते नंतर अजून यायचंय. दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात पाहुण्यांचा फोटो आणि खाली 'चिमुकल्यांचे विविध गुणदर्शन'. सातवीतली पोरं चिमुकली? फिल्म बंद पडल्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं.

रिबनवाली दुसऱ्या दिवशी विचारत होती, "सर, आपली नावं तरी आली होती का?" शेवटी होती, पण तिथवर गाडी गेलीच नाही. तिची आठवण आली ती तुमच्या लेखामुळे. त्यात 'एक अनेक और एकता'चा उल्लेख 'दूरदर्शनवरचं चिमण्यांचं जुनं गाणं' असा उरकलाय. १९७४ सालची ती फिल्म विजया मुळे यांची, ॲनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. मराठी पेपरात यातलं एकही नाव नाही. नट-नट्यांची मात्र सगळी आहेत, तीही ठळक टाइपात.

तर ही तीन नावं खुलासा म्हणून छापावीत. जागेची अडचण असल्यास स्विमिंग पुलाच्या कडेला चालतील.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मिरज