चोवीस ताटल्या आणि काकांची भट्टी

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टाने न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण मला जे शिकवले ते हाताने चिनीमातीच्या ताटल्या घडवणाऱ्या कोणाच्याही उपयोगी पडेल. आपले नाव कुठे येऊ नये ही आपली इच्छा मी पाळली आहे.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या अमृतमहोत्सवी वाढदिवसासाठी मी दहा इंची चोवीस ताटल्या करायला घेतल्या. पेले आणि वाडगे जमत होते, तेव्हा सपाट ताटली त्याहून सोपी असेल अशी माझी समजूत होती. पहिल्या भाजणीनंतर त्यांतल्या पंधरा वाया गेल्या; काहींच्या काठाला चिरा होत्या, तर काही टेबलावर ठेवताच डुगडुगत होत्या. ती टोपली घेऊन मी आपल्या दारात उभी राहिले तेव्हा आपण हातातले काम बाजूला ठेवलेत, एकेक ताटली खिडकीच्या उजेडात धरून चिरेवरून नख फिरवलेत आणि एवढेच विचारलेत, "पंख्याखाली वाळवल्यास ना?"

पंख्याखालीच वाळवल्या होत्या. काठाशी रुंद आणि आत निमुळती होत गेलेली चीर वाळताना पडते, तर केसासारखी बारीक, धारदार चीर बहुधा भट्टी निवताना पडते, कारण ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतले क्वार्ट्झ एकदम आकसते, हा फरक मला त्या दिवशी कळला. काठाला वारा आधी लागतो, तो आधी सुकतो आणि आकसतो. मधला भाग मात्र अजून ओलाच असतो आणि त्या ओढाताणीत ताटली कुठेतरी फाटते किंवा वाकते. म्हणून साच्यावर मातीची लाटलेली पोळी घालण्याआधी ती रबरी पट्टीने दोन्ही बाजूंनी दाबून घ्यायची, काठाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळून मधला भाग उघडा ठेवायचा, आणि माती चामड्यासारखी घट्ट झाली की दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून ताटली रोज उलटायची. पहिल्या दिवशी आपण हे बोलून दाखवले आणि पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन माझ्या फळ्या स्वतः तपासल्या. त्या आठ संध्याकाळींचे आभार कसे मानावेत हे मला अजून सुचलेले नाही.

रंगकामाचीही गोष्ट तशीच. एकदा भाजलेली ताटली पाणी शोषते, त्यामुळे कुंचला टेकताच रंग तिथेच बसतो आणि रेघ पुढे सरकत नाही. आधी ओला स्पंज हलकेच फिरवला की हात मोकळा चालतो. कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळपट दिसते आणि झिलईखाली वितळल्यावर निळे होते, म्हणून डोळ्यांवर विसंबून गडद रंग लावण्याची चूक मी करणारच होते. त्याआधी आपण माझ्याकडून लहान फरशांवर रंगाची सात वेगवेगळी प्रमाणे करून घेतलीत आणि भाजल्यावर त्यांतले सर्वांत फिके निवडलेत. काठावरची वेल शेवटी तिच्याच सुरुवातीला जुळावी यासाठी ताटलीएवढा गोल कागद कापून, घड्या घालून त्याचे सोळा भाग पाडून पेन्सिलीने खुणा करायला आपणच शिकवलेत. पेन्सिलीची खूण भट्टीत जळून जाते, हे ऐकून मला किती हायसे वाटले होते!

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन ये, असे आपण सांगितलेत, तेही मी मनापासून केले. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या, आणि त्याच संस्थेत घडलेल्या भांड्यांवर अजिंठ्यातली फुले आणि वेलबुट्टी उतरली, हे मी वाचले होते. पण आपल्या सांगण्याप्रमाणे काचेपलीकडच्या त्या भांड्यांवर मी वेल कुठे जुळते तेवढेच पाहत राहिले, आणि ते पाहताना त्या अनाम कारागिरांचे हात प्रथमच माझ्या ओळखीचे वाटले.

शेवटच्या भाजणीसाठी आपण आपली मोठी भट्टी मोकळी करून दिलीत. प्रत्येक ताटलीच्या बुडाची झिलई ओल्या कापडाने पुसताना, एकीच्याही बुडाला थेंब राहिला तर ती भट्टीतल्या फळीला कायमची चिकटेल, असे आपण चारदा तरी बजावलेत. १२३० अंशांवर आच बंद केल्यानंतरचे दीड दिवस मला फार जड गेले, पण शंभर अंशांच्या खाली उतरल्याशिवाय आपण झाकणाला हात लावू दिला नाहीत, आणि माझी घालमेल पाहून काकूंनी दोनदा चहा पाठवला. तेवीस ताटल्या धड निघाल्या, आणि चोविसावीच्या काठाला एक टाचणीएवढे छिद्र होते.

आईच्या वाढदिवसाला त्याच ताटल्यांत जेवणे झाली. तिने पुरणपोळी संपवल्यावर ताटली उलटी करून बुडावरची माझी खूण बोटाने चाचपली आणि शेजारच्या मावशीलाही दाखवली.

ती छिद्र असलेली ताटली आपण मागून घेतली होतीत. येत्या रविवारी ती घेऊन मी येत आहे, आणि सोबत काकूंसाठी दोन नव्या ताटल्याही आहेत, ज्यांचे काठ मी आठ दिवस झाकून वाळवले आहेत.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी